पिनरमध्ये नोकरी जात नाही

पिनरमध्ये कुणाची नोकरी जात नाही. लंडनच्या वायव्येला, हॅरोच्या पुढे, मेट्रोपॉलिटन लाइनवरच्या या टुमदार गावात घरांचे हप्तेच असे आहेत की नोकरी जाणं कुणाला परवडत नाही. म्हणून इथला माणूस आधी ‘थोडा ब्रेक घेतो’, मग ‘स्वतःला वेळ देतो’ आणि महिन्याभरात ‘बेकिंगमध्ये रमतो’. गणपतीला कुणी विचारलंच, “सध्या कुठे?”, तर “ओव्हनसमोर” असं उत्तर देता येतं आणि चारचौघं हसतात. तोच “घरी” म्हणाला असता, तर त्याच चारचौघांनी परतताना गाडीत त्याच्या हप्त्यांचा हिशेब मांडला असता.

आमचे एक स्नेही गेल्या हिवाळ्यात असेच रमले. एका मोठ्या कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर होते. नेमकं काय डिलिव्हर करायचे ते त्यांच्या हाताखालच्यांनाही सांगता येत नसे, आणि बहुधा ही गोष्ट शेवटी वरच्यांच्याही लक्षात आली. निरोपाची रक्कम मात्र घसघशीत मिळाली. अशा भरपाईतल्या पहिल्या ३०,००० पौंडांवर इथे कर लागत नाही. स्वयंपाकावर प्रेम जडायला एवढी पुंजी पुरते. ते उपाशीपोटी जडल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही.

साहेबांनी पहिल्याच आठवड्यात दशांश चिन्हापर्यंत मोजणारा वजनकाटा आणला. मग ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर, बिडाचं जाडजूड भांडं आणि पीठ फुगत ठेवायची वेताची टोपली. एक्सेलमध्ये तक्ता तयार झाला: पिठातलं पाणी किती टक्के, खोलीचं तापमान किती, जबाबदार व्यक्ती कोण. प्रत्येक पावापुढे लाल, पिवळा किंवा हिरवा ठिपका. रविवारी सकाळी ‘काय चुकलं, काय शिकलो’ अशी बैठक भरे. हजेरी सक्तीची, म्हणजे वहिनींची आणि दहावीतल्या लेकाची. पिनर मेमोरियल पार्कमध्ये हीथ रॉबिन्सनचं संग्रहालय आहे. हा चित्रकार १९०८ ते १९१८ या काळात पिनरमध्ये राहिला, आणि साध्यात साधं काम करायला दोऱ्या, कप्प्या आणि दट्टे लावलेली भलीमोठी यंत्रं काढण्यासाठी प्रसिद्ध झाला. साहेबांचा ओटा त्याने काढल्यासारखा दिसू लागला.

सावरडोच्या विरजणाचं बारसंसुद्धा झालं. वहिनी इस्पितळात फार्मासिस्ट आहेत, आणि गेली कित्येक वर्षं शुक्रवारी रात्री इडलीचं पीठ ओव्हनमध्ये दिवा लावून आंबवायला ठेवतात, कारण इथल्या थंडीत ते दुसरीकडे कुठे फुगत नाही. त्या पिठाचं बारसं करावं असं त्यांना कधी सुचलं नाही. आता ओव्हन साहेबांच्या नावावर, आणि इडली बंद. वहिनींच्या फोडणीने धुराचा अलार्म वाजला की साहेब वर्षानुवर्षं वरच्या मजल्यावरून ओरडत, “अगं, खिडकी उघड, कॉल चालू आहे!” परवा साहेबांच्या पावाने तोच अलार्म वाजवला, तेव्हा त्यांनी त्याची नोंद ‘क्रस्ट डेव्हलपमेंट’ अशी केली.

गावाची परंपराच आहे म्हणा. इंग्रजी स्वयंपाकघराची मिसेस बीटन आमच्याच भागातली. १८५६ साली, विशीत लग्न होऊन इझाबेलाबाई इथल्या अक्सब्रिज रोडवर राहायला आल्या. ती जागा तेव्हा पिनरमध्ये मोडे, आता तिला हॅच एंड म्हणतात. यजमान सॅम्युएल प्रकाशक. त्यांच्या बायकांच्या मासिकातलं पाककृतींचं सदर चालवायला माणूस नव्हता, तेव्हा ते घरच्या माणसाकडे आलं. बाईंना स्वयंपाकाचा अनुभव बेताचाच. सुरुवातीच्या स्पंज केकच्या कृतीत अंड्यांचा हिशेबच राहून गेला. घरच्या ओळखीतल्या एका जाणत्या बाईंनी तर पत्र लिहून स्पष्ट कळवलं की हे शास्त्र वर्षानुवर्षांच्या सरावाने येतं, आणि तो तुझ्याकडे नाही. इझाबेलाबाईंनी पत्र बाजूला ठेवलं. जुन्या ग्रंथांतून आणि वाचकांच्या पत्रांतून पाककृती गोळा केल्या आणि १८६१ साली ‘बुक ऑफ हाउसहोल्ड मॅनेजमेंट’ हा हजारावर पानांचा ठोकळा बाजारात आणला. पहिल्याच वर्षी ६०,००० प्रती खपल्या. मोठी गाजरं पावणेदोन ते सव्वादोन तास उकळावीत, असं त्यात म्हटलं आहे. इंग्रज कुटुंबांनी पुढची शंभर वर्षं ते शब्दशः पाळलेलं दिसतं. बाई १८६५ साली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेल्या. पुस्तक चालतच राहिलं, आणि वाचक मात्र लेखिका म्हणून कुणी पिकल्या केसांची आजी डोळ्यांपुढे आणत राहिले.

साहेबांना ही हकीकत मीच सांगितली, आणि आता पश्चात्ताप होतो आहे. त्यांनी एवढाच बोध घेतला की स्वयंपाक येण्याआधी पुस्तक लिहिता येतं. वहिनींच्या कपाटात कमलाबाई ओगल्यांची १९७० सालची ‘रुचिरा’ आहे. कमलाबाईंनी आधी रांधलं आणि मग लिहिलं. साहेबांनी ती वाचायला घेतली आणि तासाभरात आक्षेप नोंदवला: वाटी म्हणजे नेमके किती मिलिलिटर?

साहेबांना एकट्याला बोल लावण्यात अर्थ नाही. २०२० च्या टाळेबंदीत सरकारने ८० टक्के पगार, महिना २,५०० पौंडांपर्यंत, देऊन लाखो लोकांना घरी बसवलं, आणि लोकांनी दुकानांतला मैदा संपवला. गिरण्यांत पीठ रग्गड होतं, कमी पडल्या त्या छोट्या पिशव्या. एरवी या देशात त्या पिशव्यांतून जेमतेम चार टक्के पीठ विकलं जातं, बाकीचं बेकऱ्यांना आणि कारखान्यांना जातं. म्हणजे भर पगारात इंग्लंड पाव विकत घेत होतं, आणि घरी बसल्यावर त्याला पिठाची ओढ लागली.

आता नातेवाईक. साहेबांच्या नोकरीची बातमी सांगलीला पोचायचा अवकाश, दर दोन दिवसांनी कुणी ना कुणी एकच बातमी पाठवू लागलं: लंडनच्या वडापाववाल्यांची. मंदीत सुजय सोहनींची हॉटेलातली नोकरी गेली. साधा वडापाव खायलाही पैसे नाहीत, असं ते मित्राला, सुबोध जोशींना, बोलले, आणि त्यातूनच कल्पना निघाली. २०१० साली दोघांनी हाउन्सलोला एका आइस्क्रीमच्या दुकानात थोडी जागा भाड्याने घेऊन एक पौंडाला एक वडापाव विकायला सुरुवात केली. आता त्यांच्या शाखा आहेत, आमच्या शेजारी हॅरोतसुद्धा. गोष्ट खरी आहे आणि कौतुकाचीही. फक्त मामा-मावश्या एक गोष्ट विसरतात. त्या दोघांना भाडं द्यायचं होतं. बटाट्याशी आपलं नातं काय, हे शोधायला ते हाउन्सलोला गेले नव्हते.

साहेबांच्याच टीममधला पुण्याचा एक मुलगा त्याच दिवशी घरी बसला. तो स्किल्ड वर्कर व्हिसावर होता. अशी नोकरी सुटली की गृहखातं व्हिसाची मुदत आखडतं, आणि साधारण ६० दिवसांत नवा मालक शोधा नाहीतर निघा, असा हिशेब असतो. सावरडोचं विरजण नीट तयार व्हायलाच आठवडा-दोन आठवडे जातात. त्याची आवड काय, असं त्याला कुणी विचारलं नाही. तो चार जणांच्या भाड्याच्या घरात रोज खिचडी लावून अर्ज करत होता. खिचडी उत्तम करायचा, पण तिचा फोटो कुणी काढला नाही. गेल्या महिन्यात तो परत गेला. जाताना त्याचा प्रेशर कुकर साहेबांनी मागून घेतला, वाफेवरचा ब्रेड करून बघायला.

साहेबांचा धंदाही आता मार्गी लागतो आहे. घरून खाद्यपदार्थ विकायचे तर कौन्सिलकडे २८ दिवस आधी नोंदणी करावी लागते. ती फुकट असते, म्हणून झाली. सध्या त्यांना चिंता आहे ती व्हॅटची. इथे केकला व्हॅट शून्य, पण चॉकलेट चढवलेल्या बिस्किटाला २० टक्के. जाफा केक हा केक की बिस्कीट, हा वाद १९९१ साली न्यायाधिकरणापुढे गेला होता. शिळा झाला की केक कडक होतो आणि बिस्कीट मऊ पडतं, हाही त्यात एक मुद्दा होता, आणि अखेर तो केक ठरला. साहेबांची नानकटाई शिळी न होताच कडक आहे, त्यामुळे ती कुठल्या रकान्यात घालावी यावर त्यांनी मला दोन तास बसवून घेतलं. व्हॅटची नोंदणी वर्षाला ९०,००० पौंडांच्या उलाढालीपासून लागते. साहेबांची आजवरची उलाढाल म्हणजे शेजारच्या आजींनी विकत घेतलेला एक पाव, आणि त्याचेही पैसे वहिनींनी गुपचूप परत केले आहेत.

वाचकांपैकी कुणाच्या कंपनीत डिलिव्हरी मॅनेजरची जागा निघाली, तर कृपया वहिनींना कळवावं. पगाराची अट नाही. आठवड्यातले पाचही दिवस ऑफिसात बोलावत असतील तर उत्तमच.