भावी

आमच्या सरावलीत भावी माणसांना तोटा नाही. भावी सरपंच, भावी जिल्हा परिषद सदस्य, भावी आमदार, सगळे नाक्यावर फ्लेक्समध्ये हात जोडून उभे. निवडणूक येते, त्यातले बहुतेक पडतात आणि पुढच्या वाढदिवसाला पुन्हा टवटवीत भावी होऊन विजेच्या खांबावर चढतात. पण नुसतं 'भावी' म्हटलं की आमच्या आळीत एकच माणूस डोळ्यांपुढे येतो. तो निवडणुकीच्या वाटेला कधी गेलेला नाही. तो पीएच.डी. करतो.

नाव पडलं २०१३ साली. विद्यापीठाचं नोंदणीचं पत्र आलं आणि आठवड्याच्या आत त्याचा वाढदिवस आला. मित्रमंडळाने दहा बाय आठचा फ्लेक्स लावला. मधोमध हा, कोट दुसऱ्याचा, हात स्वतःचे, खाली 'भावी डॉक्टर, सरावलीचे भूषण'. फ्लेक्सवाल्याने 'डॉक्टर' एवढंच वाचलं आणि कोपऱ्यात आपल्या मनाने स्टेथोस्कोप टाकला, जादा पैसे न घेता. त्याच वर्षी एप्रिलात डहाणूहून चर्चगेटला लोकल सुरू झाली होती, त्यामुळे गावाला ते वर्ष प्रगतीचं वाटलं. या दोघांतली लोकल चर्चगेटला पोहोचते, कधी उशिरा का होईना.

विषय राष्ट्रकूट काळातली उत्तर कोकणातली बंदरं आणि प्रशासन. एमआयडीसीला खेटून असलेल्या गावात, जिथे माणसाची ओळख 'कुठल्या कंपनीत?' आणि 'कुठली शिफ्ट?' या दोन प्रश्नांत संपते, तिथे हा विषय सांगणं सोपं नव्हतं. सुरुवातीला तो मोकळेपणाने सांगायचा. मग लोक विचारायचे, "राष्ट्रकूट? ती प्लॉट नंबर कितीवर आहे?" हल्ली कोणी कंपनी विचारली की तो "रिसर्चमध्ये आहे" म्हणतो. ऐकणाऱ्याला औषधाची कंपनी वाटते आणि तो मान डोलवून विचारतो, "कँटीन कसं आहे?"

नोंदणीनंतर वर्षभरात पहिलं विघ्न आलं. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा फुटून पालघर जिल्हा झाला. आम्ही पेढे वाटले. भावीच्या नोंदणीच्या कागदांवर जिल्हा ठाणे होता, नव्या दाखल्यांवर पालघर आला आणि खिडकीतल्या बाईंनी फॉर्म परत सरकवला, 'पत्त्यात तफावत' म्हणून. भावीने शंभराच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र केलं, की मी होतो तिथेच राहतो, मी हललेलो नाही, जिल्हा हललेला आहे. (२०१८ च्या नोव्हेंबरापासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के बसायला लागले तेव्हा नोटरीला ते प्रतिज्ञापत्र आठवलं होतं म्हणे.)

मग गाइड निवृत्त झाले. दुसरे गाइड मिळाले ते काटेकोर. त्यांना शीर्षकातली बंदरं आधी आणि प्रशासन नंतर हे पटेना. प्रशासन आधी हवं. शब्द तेच, जागा बदलल्या, आणि त्या अदलाबदलीच्या मंजुरीला सात महिने लागले. मधल्या काळात सहामाही प्रगती अहवाल जुन्या नावाने द्यायचे की नव्या, हे कोणी सांगेना, म्हणून त्याने दोन्ही नावांनी दिले. विद्यापीठाच्या दप्तरात त्या वर्षी भावीची दुप्पट प्रगती नोंदलेली आहे.

नियम आता आमच्या आळीत शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. यूजीसीच्या २०१६ च्या नियमांत पीएच.डी.ला जास्तीत जास्त सहा वर्षं. मग मुदतवाढ. मग कोरोनाची मुदतवाढ. मग २०२२ च्या नियमांत फेरनोंदणी करून आणखी दोन वर्षं. माझ्या मुलाने गृहपाठ केला नाही तेव्हा तो शाळेत बाईंना म्हणाला, "मी फेरनोंदणी करतो." बाईंनी मला बोलावून घेतलं. मी काय सांगणार? शेजार म्हटलं.

कोणाला वाटेल भावी आळशी आहे. तसं नाही. सरावलीत सेकंड शिफ्टवालाही त्याच्याएवढा राबत नाही. सकाळी तासिका तत्त्वावर कॉलेजात तास घेतो. हे तत्त्व असं, की तास झाला तर पैसे, आणि पैसे झाले तर दिवाळी. संध्याकाळी दहावीच्या पोरांना इतिहास-भूगोल. आणि यांच्या मधल्या वेळात, म्हणजे प्रबंधाच्या वेळात, ओट्यावर गाव.

ते असं झालं. विद्यापीठाच्या खिडक्यांवर एवढी वर्षं उभं राहून भावीला अर्ज या गोष्टीतलं मर्म कळलं. कुठल्या रकान्यात 'लागू नाही' लिहायचं आणि कुठे आडवी रेघ मारायची, कुठला कागद मूळ दाखवायचा आणि कुठला चुकूनही दाखवायचा नाही, साहेब जेवायला गेले म्हणजे कधी येतात आणि मीटिंगला गेले म्हणजे कधी येत नाहीत, या शास्त्रात तो आजच डॉक्टर आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आरटीईचा प्रवेश, गॅसची केवायसी, सगळं त्याच्याकडे. सायबर कॅफेवाला पन्नास रुपये घेतो, भावी चहा घेतो, तोही आईने केलेला. म्हणजे घरचाच.

२०२४ च्या जुलैत त्याने प्रबंधाचं चौथं प्रकरण संपवायचंच असं ठरवलं होतं. भिंतीवर तारीख लिहिली होती. त्याच जुलैत लाडकी बहीण योजना आली. दरमहा पंधराशे रुपये, आणि अर्ज मोबाइलच्या 'नारीशक्ती दूत' ॲपवर. पहिल्या दिवशी ओट्यावर चार बायका होत्या, चौथ्या दिवशी रांग गिरणीपर्यंत गेली. ॲप दिवसा लटकायचं, म्हणून तो रात्री दोनला उठून फॉर्म चढवायचा. रात्री दोनला एमआयडीसीकडून वास येतो तो कशाचा हे आम्ही विचारायचं सोडलंय. त्या वासात, उघड्या खिडकीत, मोबाइलच्या उजेडात भावीचा चेहरा मी शिफ्टहून येताना पाहिलेला आहे. मला वाटलं, प्रकरण चाललंय. जवळ गेलो तर पुटपुटत होता, "माहेरचं आडनाव जोडायचं राहिलं..."

तरी प्रबंधात त्याचा जीव अडकलाय आणि तो नेमका कुठे अडकलाय हे मला ठाऊक आहे. कारण डहाणू लोकलमध्ये बोईसर ते विरार उभ्याने त्याच्या शेजारी दांडीला लटकलो, की उमरोळीला तो सुरू करतो आणि वैतरणेपर्यंत थांबत नाही.

चिंचणीला, म्हणजे आपल्या इथून रिक्षाच्या अंतरावर, गेल्या शतकात पन्नासच्या दशकात ताम्रपट सापडले. दिनेशचंद्र सरकारांनी ते वाचून छापले. त्यातला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र. त्याच्या हाताखाली संजाणच्या मुलखाचा कारभार बघणारा अधिकारी कोण? ताजिक. म्हणजे अरब. ताम्रपटात त्याचं नाव मधुमती आहे, आणि ते बाईचं नाव नाही, ते महंमदाचं संस्कृत झालेलं आहे. तर हा मधुमती एका ब्राह्मणाला देवीचा मठ बांधायची परवानगी देतो, राजाच्या संमतीने गाव आणि जमीन दान देतो, आणि—इथे सफाळं येतं, गर्दी आत घुसते, भावीचा आवाज वर चढतो—"दोन नद्यांवर लोकांसाठी फुकट होडी चालू करतो! आणि अन्नछत्र! साळीचा भात, कालवण आणि तूप! फुकट!"

एकदा कोपऱ्यात पत्ते कुटणाऱ्या मंडळींपैकी एकाने मान वर न करता विचारलं, "कधीची गोष्ट ही?"

"अकराशे वर्षं झाली."

"मग बरोबर. आता वडापाव वीस रुपये." आणि पत्ता टाकला.

मधुमतीवर भावीचा इतका जीव, की एका रविवारी तो मला स्कूटरवर मागे बसवून थेट संजाणला घेऊन गेला. संजाण आता गुजरातेत. म्हणजे मधुमतीचाही जिल्हा हललेला आहे, आणि ही गोष्ट भावीला फार जवळची वाटते. वारोळी नदीच्या काठी आम्ही उभे राहिलो. ओहोटी होती, चिखल होता, बगळे होते. एक म्हातारा जाळं निवडत बसला होता. भावीने वाकून, अगदी अदबीने विचारलं, "काका, इथली होडी कुठून सुटायची?"

"कधीची?"

"नऊशे सव्वीसची."

म्हाताऱ्याने क्षणभर विचार केला. "नऊ सव्वीसला काही नाही बाबा. पूल झाल्यापासून होडी बंद आहे."

परतताना भावी एक शब्द बोलला नाही. मला वाटलं, हिरमुसला. उंबरगावच्या फाट्यावर चहाला थांबलो तेव्हा कळलं, तो खूश होता. "म्हणजे पुलाच्या आधी होती," तो म्हणाला. हा पुरावा धरता येईल का, यावर त्याने पुढे महिनाभर घालवला.

लग्नाचं सांगायचं राहिलं. बायोडेटात शिक्षणापुढे लिहिलेलं होतं, 'एम.ए., नेट, पीएच.डी. (चालू)'. केळव्याच्या एका स्थळाचे वडील चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मुलगा चालू आहे, हे तुम्ही स्वतः लिहून देताय?" माणूस कोर्टात कारकून होता, त्याला लेखी कबुलीची किंमत माहीत. स्थळ गेलं. पुढच्या प्रतीत आईने कंसातला शब्द बदलून 'पीएच.डी. (होत आली)' केलं. ते लाडूसारखं वाटतं हे मी बोललो नाही.

आई या प्रकरणात सगळ्यात शहाणी. वडील कंपनीतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत गेले. घर तिच्या हातावर चाललं. मुलाच्या मधुमतीबद्दल तिने इतक्यांदा ऐकलंय, की तो परगावी राहणारा दीर असावा तशी ती बोलते. एकदा माझ्यासमोर ताट वाढताना म्हणाली, "भात, कालवण, तूप. एवढं तर मी रोज वाढते. मला कोणी ताम्रपट दिला नाही."

ती हसून बोलली, पण भावीचा घास हातात राहिला. कारण चौथं प्रकरण नेमकं तिथेच अडलं होतं. ताम्रपटात भात कुठला ते आहे, तूप आहे, पण कालवण कशाचं? गाइडांनी विचारलं नव्हतं. विद्यापीठाने विचारलं नव्हतं. जगात हा प्रश्न एका माणसाला पडला होता आणि त्याच्यावर तो दोन वर्षं बसला होता. एशियाटिकच्या ग्रंथालयात त्यासाठी अकरा वेळा जाऊन आला. वालाचं? तुरीचं? की समुद्रकाठ म्हणून सुकटीचं? मठाच्या इतक्या जवळ सुकट चालेल का?

प्रबंध पूर्ण वाचलेला माणूस जगात एकच, बोईसर स्टेशनाबाहेरचा झेरॉक्सवाला. जौनपूरचा आहे. मशीन चालू असताना दुसरं करणार काय, म्हणून तो पान पान वाचतो. एकदा त्याने गठ्ठा हातात देताना सांगितलं, "सर, यह फुटनोट तो चौदह नंबर पे आ चुका है." खरंच आली होती. तेव्हापासून भावी त्याला दाखवल्याशिवाय गाइडांकडे काही पाठवत नाही. कालवणाचं झेरॉक्सवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "अरहर." जौनपूरचा माणूस दुसरं काय सांगणार?

गेल्या पावसाळ्यात मात्र उलगडा झाला. त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की रिक्षा बंद, नाक्यावर गुडघाभर पाणी. भावी कॉलेजातून येताना आडोशाला धावला. बाजूच्या पाड्यावरची एक मावशी तिथे शेवळं आणि टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसते. वर तिने चार बांबूंवर जुना फ्लेक्स उलटा ताणला होता. पाणी साचून तो मधे लोंबत होता, आणि वर बघितलं तर ओल्या प्लॅस्टिकमधून उलटी अक्षरं दिसत होती, 'भूषण' आणि त्याच्या शेजारी स्टेथोस्कोप. अकरा-बारा वर्षं तो फ्लेक्स कुठून कुठे फिरला असेल देव जाणे. एकदा आमच्या गोविंदाच्या हंडीखाली अंथरलेला मी पाहिला होता.

मावशीने ओळखलं. तिचाही अर्ज त्यानेच भरलेला. तिने पाटाचा अर्धा भाग मोकळा करून दिला. पाऊस थांबेना, तेव्हा भावीने तिला सरळ विचारलं, "मावशी, शे-दोनशे माणसांना रोज फुकट जेवायला घालायचं, भाताबरोबर कालवण कशाचं करशील?"

ती म्हणाली, "कशाचं म्हणजे? ज्या दिवशी जे मिळेल त्याचं. आज टाकळा, उद्या वाल. रोज एकच कसं करणार? लिहून कशाला ठेवायचं ते?"

भावी तसाच उठून पावसात चालत घरी आला. भिजल्या कपड्यांनी बसून त्याने त्या रात्री नऊ पानं लिहिली. कालवण एक नव्हतंच, म्हणून ताम्रपटात त्याचं नाव नाही. झेरॉक्सवाल्याने वाचलं, दोनदा वाचलं, आणि पैसे घेतले नाहीत. प्रकरण गाइडांकडे गेलं.

परत आलं ते दिवाळीनंतर. नऊ पानांवर एकही खूण नव्हती. शेवटच्या पानाच्या समासात मात्र लाल शाईने एक शब्द होता, 'संदर्भ?'

भावी तडक नाक्यावर गेला. तळटिपेत घालायला मावशीचं पूर्ण नाव हवं होतं, पाड्याचं नाव हवं होतं, मुलाखतीची तारीख त्याला पाठच होती. जागेवर चार बांबू तेवढे उभे होते. शेवळं-टाकळा संपला की ती बसत नाही, ती पुन्हा पावसाच्या तोंडावर येते. तिचा अर्ज ॲपवर सापडेल म्हणून तो रात्री दोनला उठून बसला, पण त्याने अर्ज भरलेल्या चारशे बायकांत मावशी कोण हे फोटोवरून ओळखता येईना. सगळ्यांनी फोटोला डोक्यावर पदर घेतलेला.

काल ओट्यावर भेटला. मुदतवाढीचा अर्ज भरत होता. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, 'पावसाळा'.