जहाज निवडावे आवडीने

जहाज निवडण्याआधी एकच ठरवा : समुद्र बघायचाय की टाळायचाय?

टाळायचा असेल, तर २०२४ साली सुरू झालेलं 'आयकॉन ऑफ द सीज' घ्या. २० मजले, पोहायला ७ तलाव, वर पाण्याच्या घसरगुंड्या. खालच्या खाऱ्या पाण्याकडे ढुंकूनही बघावं लागत नाही.

घरंदाजपणाची हौस असेल, तर 'क्वीन मेरी २'. तिथे ग्रंथालय आहे, तारांगण आहे, कुत्र्यांची राहायची व्यवस्थाही आहे. खास संध्याकाळी पुरुषांनी सूट घालायचा; कुत्र्यांना तेवढी सूट आहे.

आणि खिसा हलका असेल, तर बिनखिडकीची खोली. रॉयल कॅरिबियन या कंपनीच्या काही जहाजांवर अशा खोल्यांत भल्यामोठ्या पडद्यावर बाहेरचा समुद्र थेट दाखवतात. कंटाळा आलाच, तर दर्या रिमोटने बंद करता येतो.