कृपया खेळू नये, हे उद्यान आहे

तिसगावातले एक निवृत्त गुरुजी लेकाकडे कॅलिफोर्नियात राहून आले, तेव्हापासून त्यांनी महामार्गावरची चहाची टपरी वेठीला धरली आहे. रोज सकाळी ते तिकडच्या बागांची यादी वाचून दाखवतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीच्या पूर्वेला सत्तरच्या वर बागा आणि रानं एकाच संस्थेच्या ताब्यात आहेत. तिथं काय काय करता येतं? चालणं, पळणं, सायकल, घोडा, पोहणं, मासे धरणं, होडी वल्हवणं, तंबू ठोकणं, पाखरं बघणं. यादी संपेपर्यंत चहा गार होतो.

यादीचं कुणाला काही वाटलं नव्हतं. पण 1934 साली, महामंदी ऐन भरात असताना, तिथल्या लोकांनी मतदान करून स्वतःवर कर बसवून घेतला, त्यातून ही संस्था उभी राहिली आणि आजही तिचे सात संचालक लोकच निवडून देतात, हे गुरुजींनी सांगितलं तेव्हा टपरी चपापली.

"गुरुजी, बागंसाठी विलेक्शन?" एकानं विचारलं.

"हो."

"मग त्यात पॅनल किती? आन् जेवणावळी?"

गुरुजींनी चष्मा पुसला आणि पुढचं पान उलटलं. त्यांचा मुद्दा एवढाच, की आपल्या भागात मोकळ्या हवेत माणसाला काय करता येतं याची अशी यादी का नाही? गुरुजी विज्ञान शिकवायचे, त्यामुळे साध्या गोष्टी त्यांना अवघड जातात. आपल्याकडेही यातलं सगळं करता येतं. अट एकच: त्या जागेला अजून उद्यान म्हणून मंजुरी मिळालेली नसावी.

ओढ्याकाठचं पडीक रान घ्या. तिथं क्रिकेट चालतं, शेरडं चरतात, लग्नाचा मांडव पडतो, म्हातारी माणसं लिंबाखाली पत्ते कुटतात, पोरं सायकल शिकतात. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की या जागेचा विकास झालेला नाही. निधी येतो. पहिल्यांदा लिंब जातो, कारण पेव्हिंग ब्लॉकच्या हिशेबात झाड म्हणजे अडथळा. मग तारेचं कुंपण, मग कमान आणि कमानीवर पाट्या. पहिली पाटी निधी कुणाचा ते सांगते, दुसरी संकल्पना कुणाची ते, आणि तिसरी काय करायचं नाही ते. फुलं तोडू नयेत, हिरवळीवर चालू नये, चेंडू आणू नये, डबा खाऊ नये, मोठ्या मुलांनी झोक्यावर बसू नये. एवढं सगळं वगळलं की उरतं ते बसणं. बाकावर बसावं, तर पाठीमागे कै. अमुक यांच्या स्मरणार्थ असं कोरलेलं. जरा मागं रेलावं तर कुणाच्या तरी कैलासवासी वडिलांना पाठ लागते.

कोपऱ्यात ग्रीन जिम असते. त्यातलं ग्रीन म्हणजे ऑइल पेंट. पहिल्या पंधरवड्यात अख्खं गाव त्यावर लोंबकळतं, नंतर एक पायडल निखळतं आणि उरलेल्या दांड्यांवर गोधड्या वाळतात. गोधडी वाळत घालणं ही मोकळ्या हवेतली उत्तम क्रिया आहे. गुरुजींच्या यादीत ती नाही, हा यादीचा दोष.

शहराची तऱ्हा निराळी, तिथं कायदा आहे. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचे प्लॉट पाडायचे तर दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. तिला सगळे ओपन स्पेस म्हणतात. या ओपन स्पेसमध्ये पहिल्यांदा बोअर होतं. बोअरच्या राखणीला मारुती येतो. मारुतीला ऊन लागतं म्हणून पत्रे, पत्र्यांना आधार म्हणून सभामंडप, सभामंडपाच्या राखणीला एक खोली. मोकळी राहते ती फक्त नकाशातली जागा. आणि जिथं विकास आराखड्यातच बागेचं आरक्षण पडतं, तिथं 1966 चा नगररचना कायदा आणखी समंजस आहे. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालकानं नोटीस द्यावी, आणि पुढच्या मुदतीतही काही हललं नाही तर आरक्षण आपोआप गळून पडतं. दहा वर्षांत आपल्याला बाग जमत नाही यात नवल नाही. नवल हे, की कायदा करणाऱ्यांना ते आधीच माहीत होतं.

आमचा नगर जिल्हा पहिल्यापासून असा नव्हता, बरं का. निजामशाहीत नगर बागांचं शहर होतं. डोंगरपायथ्याचं पाणी खापरी नळांनी शहरात आणलं होतं आणि हौद, कारंजी, बागा त्यावर पोसल्या जात होत्या. फराहबागेतला तलावामधला महाल 1583 च्या सुमारास सलाबतखानानं पुरा केला. मुर्तजा निजामशहाचा हा वजीर म्हणजे आमच्या जिल्ह्यातला शेवटचा कार्यक्षम उद्यान अधीक्षक. त्याचं बक्षीस त्याला काय मिळालं, ते नगरहून तिसगावला येताना वाटेतच दिसतं. डोंगरावर त्याची तीन मजली कबर उभी आहे, आणि चार शतकं सगळी दुनिया तिला चांदबिबीचा महाल म्हणते. एकाच्या कामावर दुसऱ्याची पाटी लागण्याची आपल्याकडची परंपरा किती जुनी आहे, हे अभ्यासकांनी एकदा तपासावं. त्या महालात आज मोकळ्या हवेतली एकच क्रिया जोरात चालते: खिळ्यानं बदाम कोरून त्यात आपलं नि तिचं नाव लिहिणं. निदान तिथं तरी पाटी स्वखर्चानं लागते.

क्षेत्रफळाचं म्हणाल तर आम्ही कॅलिफोर्नियाला केव्हाच मागं टाकलं होतं. 1979 साली मालढोक अभयारण्य जाहीर झालं ते 8,496 चौरस किलोमीटरचं! सोलापूरकडचे तालुके आणि आमच्या जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासा, शेतं, घरं, बाजारपेठा सगळं त्यात. गावंच्या गावं रात्रीत अभयारण्यात झोपली. शेतकऱ्याला खरेदीखत करताना कळायचं की आपण एका पक्ष्याच्या घरात राहतो. पुढे ते 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं. मालढोकानं मात्र सरकारची वाट पाहिली नाही, तो आधीपासूनच दिसेनासा होत चालला होता. पाखरं बघण्याची सोय प्रचंड होती, पाखरू तेवढं कमी पडलं.

उलट कर्जतजवळचं रेहेकुरी. 1980 चं अभयारण्य, जेमतेम 217 हेक्टरचं, काळविटांसाठी. काळविटं तिथं खरंच आहेत. फक्त दिवस कलला की त्यातली बरीचशी शेजारच्या शेतातल्या हरभऱ्यात विहाराला निघतात. मुक्या जनावरालाही कळतं की करमणूक कुंपणाच्या बाहेर असते.

पैठणच्या ज्ञानेश्वर उद्यानाबद्दल मात्र जपून लिहितो, कारण माझ्या पिढीची शाळेची सहल तिथं जायची आणि त्या कारंज्यांवर मी अजून नाराज होऊ शकत नाही. म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवरचं, सुमारे तीनशे एकरांचं. जायकवाडी धरण 1976 साली झालं, शेवगाव-नेवाशातली गावं पाण्याखाली गेली, आणि बाग गोदावरीच्या पलीकडच्या अंगाला फुलली. जमीन आमची बुडली आणि गुलाब त्यांचे उमलले. आम्ही तेही मनाला लावून घेतलं नाही, डबे बांधून बघायला गेलो. पुढे ते उद्यान अनेक वर्षं दुरुस्तीत गेलं. त्याच्या कायापालटाच्या जेवढ्या घोषणा झाल्या, तेवढी गुलाबाची रोपं लावली असती तर जायकवाडीच्या नाथसागराला काठ उरला नसता.

आता आमचा पाथर्डी तालुका. गर्भगिरीचा डोंगर म्हणजे खरं तर कुणीही न नेमलेलं उद्यानमंडळ. वृद्धेश्वर, मायंबाचे मच्छिंद्रनाथ, मढीचे कानिफनाथ. नवनाथांनी जागा अशा निवडल्या की भक्ताची पायपीट झालीच पाहिजे. तिकडं याला ट्रेकिंग म्हणतात आणि खास बूट लागतात. इकडं आजी अनवाणी चढते, वर जाऊन घाटात थांबलेल्यांना नावं ठेवते. मढीच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. लांबलांबून गाढवं येतात आणि त्यांचा मोल-भाव दात पाहून, उघड्यावर, रोखीत होतो. राज्यात अन्यत्र असे व्यवहार बंद खोलीत होतात, म्हणून या बाजाराला मी निखळ सार्वजनिक करमणूक मानतो.

एका गोष्टीत मात्र हा डोंगर गमतीचा नाही. 2020 च्या ऑक्टोबरात याच पट्ट्यात बिबट्यानं लहान लेकरं नेली. त्यानंतर पहाटे डोंगराकडं फिरायला जाणाऱ्यांनी महामार्गाची वाट धरली असेल, तर त्यांना हसायचं कारण नाही. बिबट्या बरा की ट्रक, एवढाच निर्णय त्यांना घ्यायचा असतो.

गुरुजींच्या यादीतली तंबूची ओळ त्या दिवशी टपरीवर चांगलीच गाजली. रात्रीचं भाडं भरून, आधी नाव नोंदवून, लोक कुटुंबासह रानात तंबू ठोकतात, लाकडं पेटवून उघड्यावर स्वयंपाक करतात आणि पोरांना निसर्ग दाखवतात, असं ते सांगत होते. भांडी घासणारी बाई थांबून ऐकत होती.

"गुरुजी, आन् पैसं त्येच भरत्यात?"

"भरतात ना."

"येडीच म्हणायची. आमी दसऱ्याला जातो ते पाडव्यालाच येतो. कोपी आमचीच, चूल बी उघड्यावर, पोरं बी बरुबर. पर मुकादम आधी उचल देतो तवा जातो."

या तालुक्यातून दर वर्षी हजारो कोयते असे ऊसतोडीला बाहेर पडतात. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. मोजणीची ही पद्धत कारखानदारीची आहे. सहा महिने सहकुटुंब मोकळी हवा, पहाटे चारला व्यायाम, दिवसभर वजन उचलणं, रात्री चांदणं. गुरुजींनी यादीत ती ओळ खोडली नाही, पण पुन्हा मोठ्यानं वाचलीही नाही.

उरली भरतीची पोरं. जिल्ह्यात मोकळ्या जागेचा खरा वापर तीच करतात. पोलीस भरतीला मुलांना 1600 मीटर पळावं लागतं, मुलींना 800, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. म्हणून पहाटे साडेचारला कुठल्याही गायरानात मोबाइलच्या उजेडात चुन्याच्या रेघा दिसतात. जवळच्याच एका गावात, नाव सांगत नाही, अशा गायरानाला नुकताच विकास लागला. आराखड्यात कमान आहे, कारंजं आहे, सेल्फी पॉइंट आहे आणि पोरांची मागणी विचारात घेऊन खास जॉगिंग ट्रॅकही आहे, ऐंशी मीटरचा. पोरांनी हिशेब केला: सोळाशेला वीस फेऱ्या.

"आन् गेट कधी उघडणार?" त्यांनी विचारलं.

"सकाळी सातला."

"तोवर तर आमचं पळून व्हतं."

"मग चालतंय की," पुढारी म्हणाले, "नाहीतरी ट्रॅकवर पळायचं न्हाई, तशी पाटी मंजूर हाये. ज्येष्ठांना धक्का लागतो."