रूम बघून सांगतो

आप्पा पुण्याला जातात, पण पुण्यात राहत नाहीत. ते मोशीला राहतात, भोसरीला राहतात, अगदीच नाइलाज झाला तर नाशिक फाट्याला. त्याच्या पुढं मुक्काम टाकणारा माणूस त्यांच्या लेखी एकतर उधळ्या असतो, नाहीतर त्याचं घरी पटत नसतं.

या आप्पांचा पत्ता विचारत तुम्ही येडगावात आलात, तर लोक पाच-सहा घरं दाखवतील आणि प्रत्येक घरात एकेक आप्पा सापडेल. वय साठीच्या अलीकडं-पलीकडं, दोन एकर ऊस, एकरभर टोमॅटो, साखर कारखान्याचा शेअर, दारात चारचाकी आणि ती चालवायला पुतण्या. पुण्याला जायची कारणं ठरलेली. नातीचं ॲडमिशन, व्याह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, लॉनवरचं एखादं लग्न. शिवाय डिसेंबरात मोशीचं किसान प्रदर्शन. तिथून ते दरवर्षी पिशवीभर माहितीपत्रकं आणतात आणि ती वर्षभर पापड वाळवताना खाली घालायला उपयोगी पडतात.

आता आमच्या शेजारच्या नारायणगावहून पुणं पंचाहत्तर किलोमीटर. मागची पिढी सकाळच्या एसटीनं जायची, कोर्टकचेरी उरकायची आणि रात्री भाकरीला घरी असायची. मग रस्ते रुंद झाले, बायपास झाले, घरोघरी गाड्या आल्या आणि मुक्काम करायची पाळी आली. ही किमया चाकणची. संध्याकाळी तळेगाव चौकात एकदा गाडी अडकली, की माणूस घरच्यांना फोन करून आधी जेवून घ्या म्हणतो, मग झोपून घ्या म्हणतो. मोशी ते चाकण पट्ट्यातली निम्मी हॉटेलं या ट्रॅफिकच्या पायावर उभी आहेत, असं आप्पांचं म्हणणं आहे. ते खोडून काढायला मी एकदा संध्याकाळी निघालो होतो, अजून चौकातच आहे असं समजा.

पाहुण्यांकडं का उतरत नाहीत, हा प्रश्न आप्पांना विचारू नये. विचारलाच तर हिशेब ऐकावा लागतो. कोथरूडच्या भाचीकडं जायचं म्हणजे हात हलवत जाता येत नाही. तांदळाचं कट्टं, तुपाची बरणी, टोमॅटोचं एक क्रेट, पोरांना खाऊ आणि निघताना त्यांच्या हातावर नोटा. एवढं करून झोपायचं कुठं, तर हॉलमध्ये, आणि तिथं जावईबापू रात्री साडेबारापर्यंत क्रिकेट बघणार. ‘त्यापरीस हजार-बाराशे फेकले की आपण मोकळे,’ हा निष्कर्ष. भाचीला दुसऱ्या दिवशी कळतंच. मग तिचा फोन येतो, ‘मामा, घर असताना हॉटेलात?’ मामाही विरघळून म्हणतात, ‘अगं, पुढच्या वेळी नक्की.’ दोघांनाही या वाक्याची किंमत माहीत असते, म्हणून नातं टिकून आहे.

हॉटेलही वाटेल ते चालत नाही. ते सर्व्हिस रोडला हवं, गाडी दिसेल अशी लावता यायला हवी, खाली परमिट रूम नको (पुतण्या बरोबर असतो), आणि पाटीवर ‘फॅमिली’ हा शब्द हवा. अशी हॉटेलं ओळखायला सोपी असतात. दर्शनी भागाला निळी काच, दारात प्लास्टिकची दोन झाडं, काउंटरमागं चार घड्याळं. एकात लंडनची वेळ, एकात न्यूयॉर्कची, एकात दुबईची आणि चौथं बंद.

काउंटरवरचा मुलगा ओडिशाचा नाहीतर आसामचा. तो म्हणतो, ‘वेलकम सर, सतरासौ प्लस टॅक्स.’

आप्पा दराकडं लक्षच देत नाहीत. मान जराशी तिरकी करून एवढंच म्हणतात, ‘रूम बघून सांगतो.’

या तीन शब्दांमागं मोठी तालीम आहे. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथं फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी ठरवायला येतात. ज्या विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पदक मिळालं, त्यांचं हे गाव. कलेची कदर सगळ्यांनाच, पण सुपारीचा आकडा ठरताना कमिटीवाले चेहरा असा ठेवतात, की यंदा यात्राच भरवायची नाही. आप्पा बारा गावच्या कमिट्यांबरोबर त्या राहुट्यांतून हिंडलेले. फडाच्या मॅनेजरला ज्यांनी घाम फोडला, त्यांच्यापुढं हे सतराशेवालं पोरगं काय टिकणार?

रूम बघायचा कार्यक्रम चाकणच्या बाजारात बैल पारखावा तसा चालतो. दात तेवढे बघायचे राहतात. आधी दारात उभं राहून वास घ्यायचा. मग चादरीचं एक टोक वर करून खालची गादी बघायची, उशी उलटी करायची. पडदा सरकवायचा. पडद्यामागं खिडकी निघते, खिडकीमागं शेजारच्या इमारतीची भिंत, भिंतीवर एसीचं घरघरणारं धूड. ‘हा तुमचा सिटी व्ह्यू का?’ पोरगं हसतं. त्याला मराठी कळत नाही, पण सूर कळतो. मग कडी आतून लावून बघायची, बाहेरून लावून बघायची, फ्लश ओढायचा, आणि शेवटी खरी परीक्षा, नळ.

इथं आप्पांचं गाव समजून घ्यावं लागतं. कुकडी प्रकल्पाची धरणं पाच: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे. त्यातलं येडगावचं कुकडी नदीवर, आणि बाकीच्यांचं पाणीही बरंचसं याच वाटेनं पुढं जातं. आंबेगावातल्या डिंभ्याचं पाणीसुद्धा कालव्यानं येडगावात येतं. तिथून डावा कालवा निघतो तो पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत पार करमाळ्यापर्यंत, जवळपास अडीचशे किलोमीटर. म्हणजे चार तालुक्यांचं पाणी आप्पांच्या डोळ्यांसमोरून जातं. आवर्तन कधी सुटणार, किती दिवस चालणार, कोणाच्या दबावानं लांबणार, यावर येडगावच्या पारावर जेवढी चर्चा होते तेवढी मंत्रालयात होत नसेल. धरण उशाला, कोरड घशाला ही म्हण इथं कुणी पुस्तकातून शिकलेलं नाही.

त्यामुळं आप्पा नळ सोडतात आणि पोराला विचारतात, ‘गरम पानी कितने बजे सुटता है?’

‘सर, सुबह छे से नौ.’

‘हं. म्हणजे तीन तासाचं आवर्तन.’ मग पुतण्याकडं वळून, ‘आपली रूम तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे कालव्याच्या टेलला. हेडवाले आधी ओढणार. आपल्याला मिळायचं ते साडेआठनंतर, तेबी कोमट.’ लगेच पहिल्या मजल्यावरची खोली मागितली जाते. पहिला मजला म्हणजे हेड, हे त्या बिचाऱ्या पोराला कोण समजावणार?

शॉवर सोडला तर थेंब थेंब पडतो. ‘हे ठिबक आहे,’ आप्पांचा शेरा. ‘याला सबसिडी मिळती.’ आणि मग त्यांना जाणवतं, की बाथरूममध्ये बादली नाही.

‘बादली कुठाय?’

‘सर, बकेट नहीं रखते. शॉवर है ना.’

‘मी काय टोमॅटो आहे का, वरनं फवारा मारायला?’

बादली येते. प्रत्येक हॉटेलात ती कुठून तरी येतेच. बहुधा फरशी पुसायची असते, पण आप्पा ती स्वतः विसळून घेतात. सतराशेचे चौदाशे होतात. तिसरा माणूस असला, तर ज्यादा गादीचे तीनशे वाचवायला ‘आम्ही आडवे झोपू, मावतो’ असं सांगून काउंटर निरुत्तर केलं जातं. आधारकार्डाची झेरॉक्स देताना तिच्यावर ‘फक्त रूमसाठी’ असं लिहून सही. रजिस्टरमध्ये ‘येण्याचे कारण’ या रकान्यात ‘काम’, आणि ‘पुढे कोठे जाणार’ या रकान्यात ‘घरी’.

खोलीत दिवा लागतो तो भिंतीतल्या खाचेत कार्ड घातल्यावर. बाहेर पडताना कार्ड काढलं की सगळं बंद. भारनियमनाचं हे घरगुती रूप आप्पांना मंजूर नाही. मी भाडं चोवीस तासांचं दिलंय, लाईट मी असतानाच का? ते खिशातून खताच्या दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड काढून खाचेत सारतात आणि एसी सोळावर ठेवून जेवायला खाली जातात. परत येईपर्यंत खोलीचं शीतगृह झालेलं असतं. मग दोन ब्लँकेटं मागवून, डोक्याला मफलर गुंडाळून झोपतात, पण एसी बंद करत नाहीत. पैसे भरलेत.

झोप मात्र लागत नाही. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीत दोनला उठून मोटार चालू करायची सवय शरीरात भिनलेली. दोनला आप्पा उठतात. बाहेर हायवेवर कुत्री भुंकली की हात उशाखालच्या बॅटरीकडं जातो. आमच्याकडं कुत्री अशी एकदम भुंकली तर उसात काय आहे ते सांगावं लागत नाही. बिबट्या हा विनोदाचा विषय नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलंय त्यांना विचारा. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पण सगळे बिबटे काही तिथं नोंद करून राहत नाहीत. पहिल्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये बिबट्या येणार नाही हे आप्पांना कळतं. तरी ते दाराची कडी पुन्हा एकदा बघतात आणि मगच आडवे होतात.

पाचला पुन्हा जाग. नाश्ता फुकट, पण साडेसातनंतर. तोवर समोरच्या टपरीवर तीन चहा, एक वडापाव आणि टपरीवाल्याचं मूळ गाव, शेती, भावकी असं सगळं विचारून होतं. साडेसातला पोट भरलेलं असतं, पण नाश्ता दरात धरलेला असल्यामुळं तो सोडणं आप्पांच्या तत्त्वात बसत नाही. ते ताट घेऊन रांगेत उभे राहतात. पोहे, उपमा, इडली, ब्रेड, आणि ज्याला कोणी हात लावत नाही असं कापलेलं कलिंगड. काकू बरोबर असल्या तर त्यांच्या पिशवीत डबा असतोच. बाजरीची भाकरी, ठेचा आणि मासवडी. त्या इडलीवर ठेचा वाढतात आणि शेजारच्या टेबलावरचा टाय लावलेला मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आशेनं बघतो. त्यालाही वाढतात. काकू हॉटेलात राहिल्या, की सकाळपर्यंत तिथं त्यांचे दोन भाचे झालेले असतात.

खरी लढाई बिलाच्या वेळी. ‘पाण्याच्या बाटल्या दोन फ्री, तिसरी चार्जेबल, वीस रुपये.’ इथं आप्पांचा संयम सुटतो. ते टेबलावरचा पेन घेतात. एक टीएमसी म्हणजे 2831 कोटी लिटर. वीस रुपये लिटरनं 56 हजार 620 कोटी रुपये. ‘एवढ्याचं पाणी आमच्या गावावरून जातं, पोरा, आन् आम्ही पाणीपट्टी भरून वर तुझे वीस भरायचे?’ काउंटरवरचं पोरगं कॅल्क्युलेटर काढून गुणाकार तपासतं. बरोबर असतो. वीस रुपये माफ होतात.

मग जीएसटी. हा विषय आप्पांना पाठ आहे. हजाराच्या आतल्या खोलीला तो नव्हता, 18 जुलै 2022 पासून बारा टक्के लागला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून पाचवर आला. ‘बिल नको, पाच टक्के काढ,’ हे ते म्हणून बघतात. सगळेच म्हणून बघतात. पोरगं सिस्टीमकडं बोट दाखवतं. शेवटचा वाद चेकआउटचा. संध्याकाळी सातला आलो आणि सकाळी अकराला निघा म्हणतोस, मग तुझा दिवस सोळा तासांचा का? याला कुठल्याच हॉटेलात उत्तर नाही. आप्पांनाही उत्तर नकोच असतं, साबणाच्या दोन वड्या, कंगवा आणि शांपूची पुडी आधीच पिशवीत गेलेली असते.

गंमत अशी, की शनिवारी सकाळी आप्पा मोशीहून घराकडं निघतात, तेव्हा पुण्याच्या गाड्याही त्याच दिशेनं त्यांच्याबरोबर अडकलेल्या असतात. जुन्नर 2018 साली पर्यटन तालुका जाहीर झाला. ओझरचा विघ्नहर, लेण्याद्री, शिवनेरी, आणि येडगावच्या जलाशयाकाठी राहायची हौस. शहरातली माणसं आमच्याकडं येऊन मोशीच्या खोलीच्या दुप्पट पैसे देतात, पाण्याकडं तोंड करून खुर्ची टाकतात आणि ‘किती शांत आहे’ म्हणतात. तेही आधी खोली बघतात. विचारतात, ‘बाथटब नाही का?’ शेजारच्या आप्पांचं त्यावरचं उत्तर छापण्यासारखं नाही.

तेव्हा मोशी-चाकण पट्ट्यातल्या समस्त हॉटेलमालकांना एक विनंती. येडगावकडचा माणूस तुमचा कायमचा गिऱ्हाईक आहे. चाकणचा चौक आहे तोवर तो कुठं जात नाही. त्याला लंडनची वेळ नको, प्लास्टिकची झाडं नकोत. दरपत्रक तीनशेनं चढं लावा, म्हणजे तीनशे कमी करून देता येतील. आणि बाथरूममध्ये एक बादली, एक मग ठेवा. त्याचे वेगळे पैसे लावलेत तरी चालतील, फक्त बिलात लिहू नका.