शंभराचं टाक, भाऊ

जळगाव असो की धुळे, सकाळी नऊला कुठल्याही पंपावर उभे राहा. टाकीवर पोरगं, मागे बायको, हँडलला डबा. "शंभराचं टाक, भाऊ." लिटरची भाषा कोणी बोलत नाही. २०२१पासून शंभराच्या नोटेत लिटर बसतच नाही.

पंपवाला म्हणतो, "साहेब, झिरो बघा." बघतो. महिनाअखेरीला तोच आपल्या खिशात दिसतो.

भाव का वाढला? कारण असतंच.

२०१५ला दुष्काळ पडला. राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये चढवले. दुष्काळ कुणाच्या शेतात? साक्री-शिंदखेड्याच्या. दोन रुपये कुणाच्या फटफटीवर? त्याच शेतकऱ्याच्या.

२०१७ला सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गालगतची दारूदुकानं बंद झाली. महसूल बुडाला. मग पेट्रोलवर तीन रुपये वाढवले. पिणाऱ्याची बंद झाली आणि चालवणाऱ्याला चढली!

शहरांतली दुकानं त्याच वर्षी पुन्हा उघडली. तेव्हा ते तीन रुपये परत मिळाल्याचं कुणाला आठवतं?

जून २०१७पासून भाव रोज सकाळी सहाला बदलू लागले. बाजार ठरवेल, म्हणाले. मग नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ हा बाजार १३७ दिवस गाढ झोपला. पाच राज्यांच्या निवडणुकांचे निकाल लागले आणि त्याला खडबडून जाग आली.

उतरायलाही मुहूर्त लागतो. १५ मार्च २०२४ला दोन रुपये उतरले. १६ मार्चला लोकसभेचं वेळापत्रक जाहीर झालं. निव्वळ योगायोग. आपण काही बोललो का?

आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. त्याला लागणारा मका आपल्याच शेतातला, म्हणून आनंद. पण इथेनॉलची ताकद पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी. गाडीचं अ‍ॅव्हरेज थोडं पडतं. शंभराची नोट मात्र पूर्ण शंभराचीच द्यावी लागते.

मग रेल्वेने अपडाऊन करा की! केलं. कोरोनानंतर पॅसेंजर सुरू झाल्या, त्या एक्स्प्रेसच्या भाड्याने. डबे तेच, थांबे तेच, क्रॉसिंगला ताटकळणं तेच. फक्त तिकीट सुपरफास्ट धावलं. कोरोना कधीच उतरून गेला होता, वाढीव भाडं फेब्रुवारी २०२४पर्यंत खिडकीची जागा धरून होतं.

एसटी? मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट. चांगली गोष्ट. जानेवारी २०२५ला भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. पंधरा म्हटलं असतं, तर महाग वाटलं असतं.

आता स्वयंपाकघर. उज्ज्वला गॅस योजना आली २०१६ला, चुलीचा धूर गेला म्हणून फोटो निघाले. एप्रिल २०२५ला गॅसच्या हंडीमागे पन्नास रुपये वाढले. उज्ज्वलाची असो की साधी, भेदभाव नाही. हंडीला फुलाफुलांचं कव्हर घालून माउली पुन्हा अंगणात पऱ्हाट्या पेटवते.

त्याच पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्याच्या भरितासाठी आपण गाडी काढून ढाब्यावर जातो. पाटी असते, 'चुलीवरचं'. तिची चूल म्हणजे मागासलेपण, ढाब्याची चूल म्हणजे जादा बिल.

आणि तिथे पोहोचायला पुन्हा शंभराचं टाकावं लागतं.

दुष्काळ, दारू, कोरोना, कुठली तरी लढाई... कारणं येतात आणि जातात. वाढ मात्र पाहुणी म्हणून येते आणि घरजावई होऊन बसते.

तेव्हा पुढच्या वेळी भाव का वाढला, हे विचारत बसू नका. कारण तयारच असेल. ते कारण संपल्यावर पैसे कमी करणार का, एवढंच विचारा. आणि उत्तर येईपर्यंत गाडी बंद ठेवा, पेट्रोल जळतं.