कार्तिकात निघालो, आश्विनात पोचलो

देवास जिल्ह्यातल्या पीपलरावांत समुद्राविषयी ठाम मत असायला समुद्र पाहिलेला असावा लागत नाही. आमच्या काकांनी उभा जन्म कालीसिंध नदीत रोहू धरले, तेवढ्या भांडवलावर मालवणचा दर्या त्यांनी घरबसल्या निकालात काढला होता. "पाणी जरा खारट, बाकी काय नी!" कोजागिरी झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही देवासला अवंतिका एक्सप्रेस धरली. सामानात शेवेचा डबा, गळ, आणि माशांसाठी घरची कणीक.

आमच्या माळव्यात महिना पौर्णिमेला संपतो, महाराष्ट्रात अमावास्येला. त्यामुळे निघालो तेव्हा घरी कार्तिक लागला होता आणि मुंबईला गाडी बदलून मालवणसाठी कुडाळला उतरलो तर तिथे अजून आश्विनच. "एवढं भाडं भरून एक महिना मागे आलो," काका फलाटावरच कुरकुरले. तिथ्या तरी दोन्हीकडे सारख्या, हे नशीब. कारण मालवणात घड्याळापेक्षा तिथीचा वट जास्त. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पुनवेला, अवसेला उधाण. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं. हे गणित काकांना इतकं आवडलं की जेवताना, चहा पिताना, कुणी न विचारता ते भरती सांगू लागले.

चतुर्थीला तीनच्या ठोक्याला धक्क्यावर हजर. समोर सिंधुदुर्ग, डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन. शेजारची पोरं गरीला कोळंबी लावून बसलेली. काकांनी कणकेची गोळी वळली, तीही तूप लावून. कालीसिंधेतले मासे तिच्यावर जीव टाकतात म्हणे. इथल्या लाटेने ती गळाला टेकू न देताच विरघळवली. असं बऱ्याचदा झाल्यावर एका पोराने काही न बोलता दोन कोळंब्या सरकवल्या. मग मात्र दोरीला झटका बसला.

वर आला तो मासा वितभर, पाठीवर ठिपके, आणि पुढे पोपटाच्या चोचीसारखे दात. धक्क्यावर पडताच तो करकर आवाज करत फुगायला लागला. पोट एवढं तट्ट झालं की पर दोन्ही बाजूंना उगाच चिकटवल्यासारखे दिसू लागले. डोळे मात्र काकांवर. काका दोन पावलं मागे सरले. "हा कधी थांबणार?"

"ह्यो केंड," पोरगं म्हणालं. "हात लावू नकात. खाऊक तर नायच." विषारी, शिवाय कातरीसारख्या दातांनी जाळी फाडतो, म्हणून मच्छीमारांचा त्याच्यावर राग. गळही त्याने तोडलाच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण होती. जून-जुलैची बंदी उठून, नारळी पौर्णिमा उलटून दर्या शांत झाला की बांगड्यांचे थवे काठाजवळ येतात. होडी दोरीचं एक टोक किनाऱ्यावर ठेवून निघते, अर्धवर्तुळात जाळं सोडते आणि दुसरं टोक लांबवर आणून देते. मग दोन टोकांना दोन रांगा, आणि सगळ्यांनी मागे मागे जात ओढायचं. आमचं देवास एकच गाव असून संस्थानी काळात पवारांच्या थोरली आणि धाकटी पाती अशा दोन गाद्यांत वाटलेलं होतं. काकांनी लगेच एका दोरीला थोरली पाती, दुसरीला धाकटी पाती म्हणून टाकलं आणि स्वतः थोरलीत घुसले. ओढणं कमी, हुकूम जास्त. "काकानू, पाय रोवा!" असं कुणी ओरडेपर्यंत ते वाळूत बसलेलेच होते.

जाळं काठाला लागलं आणि पेडवे, बांगडे, चार-दोन सौंदाळे असा चंदेरी खच वाळूवर तडतडू लागला. ओढणाऱ्याला वाटा मिळतो. काकांनी पिशवी पुढे केली. वाटे घालणाऱ्या म्हाताऱ्याने विचारलं, "तुमच्या गावचा पाणी खंय जाता?"

काकांनी अभिमानाने सांगितलं: कालीसिंध, मग चंबळ, यमुना, गंगा, थेट बंगालचा उपसागर.

"मगे वाटो कलकत्त्याक मागा!" म्हाताऱ्याने हात आखडला. सगळी रापण हसली.

काका डगमगले नाहीत. जिल्ह्याच्या दक्षिण हद्दीवर नेमावर, तिथे नर्मदा, ती भडोचवरून खंभातच्या आखाताला, म्हणजे ह्याच अरबी समुद्राला मिळते. हे त्यांनी वाळूत काठीने नकाशा काढून सिद्ध केलं. नर्मदेपोटी सहा बांगडे पदरात पडले. "आणि शिप्रा?" काकांनी आशेने विचारलं. तीही चंबळेलाच मिळते, हे मी त्यांच्या कानात सांगितलं.