थोरली पाती, धाकटी पाती आणि जिन्याचा दिवा

बदनावरच्या आमच्या घरात लाइट गेली की वायरमनच्या आधी काकासाहेब हजर होतात. बंडीच्या खिशात पेन आणि टेस्टर शेजारी शेजारी. पेनातली शाई कधीच वाळली, टेस्टर मात्र रोज वापरात. "हात नका लावू, मी बघतो," हे त्यांचं ब्रीद. बघतात ते खरंच. दुरुस्त झालेलं मात्र आजवर आमच्यापैकी कोणी बघितलेलं नाही.

२०२५ च्या भाद्रपदात रोज दिवेलागणीला घर अंधारात जायला लागलं. पहिल्या दिवशी काकासाहेबांनी गिझरला धरलं. गिझरचा प्लग काढला, तरी लाइट गेलीच. दुसऱ्या दिवशी कूलरच्या पंपाला धरलं. कूलर आषाढातच माळ्यावर गेल्याची आठवण वहिनीसाहेबांनी करून दिली. मग नजर घराबाहेर वळली. १७ सप्टेंबरला जवळच भैंसोल्यात पीएम मित्र कापड पार्कचं भूमिपूजन झालं होतं. "एवढ्या कापड गिरण्या आल्या तर आपल्याला व्होल्टेज राहणार कुठून?" गिरण्यांच्या जागी अजून मोकळं रान होतं, पण काकासाहेब पुढचं बघतात.

पाचव्या दिवशी ते बाजारातून ३२ अँपियरची एमसीबी घेऊन आले. १६ ची "कमजोर" म्हणून. इथे मात्र मी आडवा आलो. एमसीबी वायरीला जपायला असते. वायर जुनी, बारीक ठेवून वर जाड एमसीबी बसवली की ती पडत नाही, भिंतीत वायर जळते. "तुम्ही पुस्तकं वाचलीत, मी वायरिंग वाचलंय," काकासाहेब म्हणाले आणि नवी एमसीबी खिशात टेस्टरशेजारी गेली.

खरी गंमत अशी की एमसीबी पडतच नव्हती. पडत होती तिच्या शेजारची आरसीसीबी. तिचा स्वभाव दिवाणजीचा: फेजवरून गेला तेवढा करंट न्यूट्रलवरून परत आला का, एवढंच ती मोजते. हिशेबात ३० मिली-अँपियरची तूट आली की खटका पाडते. ओल्या भिंतीत करंट गळला, माणसाला शॉक बसला, तर जीव वाचवणारी हीच. काकासाहेबांना ती नको होती. "डायरेक्ट करून टाकू." वहिनीसाहेबांनी स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेलं म्हणून ती वाचली.

आणि दोष पकडला तोही वहिनीसाहेबांनीच. "जिन्याचा दिवा लावला की जाते."

"नऊ वॅटच्या दिव्याने?" काकासाहेब हसले.

आता घराची कुंडली सांगायला हवी. खालचा मजला काकासाहेबांचा, वरचा धाकट्या काकांचा. वाटणीत मीटर दोन झाले, पेट्या दोन झाल्या, जिना तेवढा सामायिक राहिला. देवासला एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी पवारांची दोन राज्यं १९४८ पर्यंत नांदली. आमची अजून विलीन व्हायची आहेत. पेटी कधी खालची पडायची, कधी वरची. ज्याची पडेल तो दुसऱ्याकडे बघायचा.

शेवटी वायरमन आला. त्याने खालचं सगळं बंद केलं, मग एकेक चालू करत गेला. काही पडलं नाही. जिन्याचा दिवा लावला, खट्‌. त्याने जिन्यावरचा बोर्ड उघडला. आत काजळी, एक वाळलेली पाल आणि दोन वायरी. "साब, फेज ऊपर का है, न्यूट्रल नीचे का." वाटणी करताना फेज वाटला होता, न्यूट्रल तसाच राहिला. नऊ वॅटचा दिवा साधारण ४० मिली-अँपियर घेतो. ते वरून निघत आणि खालून परतत. वरच्या दिवाणजीला तूट दिसे, खालच्याला आगंतुक जमा. जो आधी दचकेल तो पाडे.

काकासाहेब दोन पायऱ्या वर चढले, बोर्डात टेस्टर लावून बघितला आणि म्हणाले, "मी पहिल्या दिवसापासून हेच म्हणत होतो."

वरच्या पेटीपासून न्यूट्रलची पाच मीटर वायर ओढली की काम झालं. पण ती वायर थोरल्या पातीने आणायची की धाकट्या पातीने, यावर बोलणी चालू आहेत. तोवर आमच्याकडे याल तर मोबाईलचा टॉर्च लावून जिना चढा. चौथी पायरी तुटलेली आहे. तीही सामायिक आहे.